मंगळवारची पट्टी

आमच्या मेसच्या भिंतीला लागून नर्सिंगच्या मुलींचा हॉल आहे. नवी बॅच आली की पहिल्या पंधरा दिवसांत कधीतरी त्या भिंतीतून ठवकर सिस्टरचा आवाज येतो. मी भाजी चिरत असले तर हात थांबतो. सिस्टर आता नाहीत, पण कॉम्प्युटरमध्ये त्यांचा आवाज तसाच आहे. थोडा नाकातला, प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबणारा. तो विचारतो, "सहाव्या आठवड्यात जखम बिघडली. पट्टी बांधणाऱ्या सिस्टरची काय चूक झाली?" मग चार उत्तरं वाचून दाखवतो. पट्टी सैल बांधली. पट्टी फार घट्ट बांधली. जखम नीट धुतली नाही. पट्टी लवकर बदलली. मुली आपसांत बोलतात, कोणीतरी दोन नंबरचं उत्तर दाबते, आणि कॉम्प्युटरमधून टाळ्या वाजतात.

त्या चारांत खरं उत्तर नाही. ते मला माहीत आहे आणि सिस्टरला माहीत होतं. आता इथे तिसऱ्या कोणाला माहीत नाही.

मी इथे एकवीस वर्षं स्वयंपाक करते. शाळा कुहीजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत झाली. लिहायला वेळ लागतो, पण वाचता येतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी स्वयंपाकघरात पळते. म्हणून वहीत लिहिते आहे. ही वही कोणाला दाखवायची नाही.

सिस्टर मुलींना जखमा बांधायला शिकवायच्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या साडीवर पांढरा कोट आणि खाली कापडी बूट. कोटाच्या खिशात सहा इंचांची स्टीलची फूटपट्टी. ती त्यांनी कधी विसरलेली मी पाहिली नाही. जखम मोजायच्या, गादीला पडलेला डाग मोजायच्या, आणि सवय एवढी की जेवताना माझी पोळीही मोजायच्या. "मंदा, कालची सहा होती, आजची साडेपाच." मला वाटायचं चिडल्या. मग कळलं, त्यांना नोंद ठेवायची असते, एवढंच. लहान पोळी तेवढ्याच आवडीने खायच्या. ताट स्वतः घासून मगच मोरीवर ठेवायच्या.

वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. राग आला किंवा माया आली की नागपुरी व्हायच्या. त्यामुळे मुलींना आवाजावरून नाही, भाषेवरून कळायचं की आता काहीतरी आहे.

जखमेला त्या घाण म्हणू द्यायच्या नाहीत. एकदा एका मुलीने वॉर्डात ओढणी नाकाला लावली. सिस्टरनी काम थांबवलं आणि तिला त्याच म्हाताऱ्याच्या खाटेजवळ स्टूलवर बसवलं. अर्धा तास तिने त्याच्याशी गावच्या गोष्टी करायच्या, नाकाला हात न लावता. नंतर मेसमध्ये चहा पिताना तिला म्हणाल्या, "त्याले त्याची जखम रोजच दिसून राहिली. तू त्याले तुझं नाक काहून दाखवून राहिली?" ती मुलगी रडली. सिस्टरनी तिच्यापुढे आपली बिस्किटं सरकवली.

दुसरी गोष्ट वांग्यांची. भरताचा दिवस असला की सिस्टर दहा वाजताच स्वयंपाकघरात यायच्या आणि भाजलेली वांगी मागून न्यायच्या, गरम गरम, परातीत. हॉलमध्ये प्रत्येक मुलीपुढे एक वांगं आणि एक चिमटा. जळालेली साल काढायची, पण आतला गर तुटता कामा नये. मेलेली कातडी काढायला त्या तसं शिकवायच्या. कोणाचा चिमटा आत घुसला की सिस्टर म्हातारीसारखा आवाज काढून कण्हायच्या, "आई गं, मेली मी." मुली हसून लोळायच्या. मग ती सोललेली वांगी परत माझ्याकडे यायची. त्या दिवशी भरीत कोणीच खायचं नाही. मी आणि सिस्टर दोघीच खायचो. त्या म्हणायच्या, "मंदा, आज साल कशी निघाली पाह्य, एक धागा नाही राहिला."

त्यांचं एक बोलणं सगळ्या बॅचना पाठ होतं: पट्टी म्हणजे सही. वॉर्डाच्या दारातूनच सांगायच्या, ही अमक्या मुलीची, ही रात्रपाळीवाल्या ब्रदरची, अर्ध्या झोपेत बांधली आहे. त्यांची स्वतःची पट्टी पायावर अशी बसायची की प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्याला बरोबर अर्धा झाकायचा. पावलाच्या मधून सुरू, टाचेला आठ आकड्याचा वळसा, मग वर. शेवटचं टोक नेहमी बाहेरच्या बाजूला, आत दुमडून. माझ्यासारखी बांधून दाखवा आणि बक्षीस न्या, असं त्या म्हणायच्या. ते बक्षीस कोणी नेलं नाही.

सॉफ्टवेअर हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. गावोगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाया दोन दिवसांच्या ट्रेनिंगला यायच्या, वहीत लिहून न्यायच्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच विचारायच्या. सिस्टरना ते टोचायचं. माझे हात किती गावांत जातील, असं म्हणायच्या. मग वरून कुठूनतरी मंजुरी आली आणि देशमुख सर नावाचे कॉम्प्युटरवाले येऊ लागले. पडद्यावर पाय येणार, त्यावर जखम. नर्सने पट्टी निवडायची. बरोबर निवडली की आठवड्यामागून आठवडे जखम भरताना दिसणार, चुकली की काळी पडणार. बरोबर सिस्टरचा आवाज, फोटो, हलते व्हिडिओ. चौपन्नाव्या वर्षी सिस्टर माउस धरायला शिकल्या. पहिले आठ दिवस तो टेबलावरून खाली पडायचा.

आवाज भरायला शांत जागा पाहिजे होती. हॉलमध्ये पंख्याचा आवाज, ऑफिसमध्ये फोन. शेवटी सिस्टरनी आमची धान्याची खोली शोधली. तांदळाच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही, असं देशमुख सर म्हणाले. पोत्यांवर बसून, हातात कागद घेऊन सिस्टर बोलायच्या आणि मी बाहेर मिक्सर बंद ठेवून बसायची. एकदा कुकर उतरवायचा विसरले. "जखम हलक्या हाताने पुसा" या वाक्यानंतर माझ्या कुकरची शिट्टी आहे. सरांना ती काढायची होती. सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, गावच्या दवाखान्यातही बाजूला कोणीतरी वरण शिजवतच असते.

त्यांना एक गोष्ट मात्र पक्की हवी होती. जखम खरी पाहिजे. पुस्तकातली नाही, एकाच माणसाची, पहिल्या दिवसापासून भरेपर्यंत, दर आठवड्याला त्याच उजेडात, बाजूला तीच फूटपट्टी ठेवून काढलेली.

ती जखम माझी निघाली.

माझ्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दोन वर्षांपासून जखम होती. चुलीपुढे, मग गॅसपुढे उभं राहून राहून पायाच्या नसा फुगल्या होत्या. आधी काळा डाग, मग खाज, मग फोड, मग जखम. मी जुन्या लुगड्याची चिंधी बांधून साडी खाली ओढून ठेवायची. स्वयंपाकीण आहे, कोणाला कळलं तर माझ्या हातचं खाणार नाहीत, ही भीती. सिस्टरना कसं कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस सगळ्या जेवून गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव वं." मी मान हलवली. त्या तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, मला पाच वाजेपर्यंत काम नाही. शेवटी मी साडी वर केली. त्यांनी नाक हलवलं नाही. चिंधी भिजवून सोडवली, फूटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "रुपयाची दोन नाणी मावतील. भरेल."

फोटोचं विचारलं तेव्हा मी घाबरले. त्या म्हणाल्या, तोंड येणार नाही, नाव येणार नाही. माझ्या घोट्यावर लहानपणी गोंदलेला विंचू आहे. त्यावरून कोणी ओळखेल, म्हणून तो देशमुख सरांकडून कॉम्प्युटरमध्ये पुसून घेतला. विंचू काढा, पण जखमेला बोट लावायचं नाही, असं त्यांना बजावलं.

मग दर मंगळवारी साडेतीन वाजता मी हॉलमध्ये खुर्चीवर बसायची. आठ मुली भोवती, देशमुख सरांचा कॅमेरा समोर. सिस्टर मागच्या आठवड्याची पट्टी सोडायच्या, फोटो, धुणं, मोजणं, नवी पट्टी. पट्टी घट्ट असायची. रक्त वर चढायला ताण लागतो, त्या मुलींना सांगायच्या. सैल पट्टी म्हणजे पायमोजा. मला एकच अट होती. मंगळवार ते मंगळवार ती सोडायची नाही. पाचव्या मंगळवारी जखम एका रुपयाएवढी राहिली होती. सिस्टरनी ताण जरा वाढवला. म्हणाल्या, आता भराभर भरते पाह्य.

त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, भिवापूरकडे. शुक्रवारी गेले. बाहेर ओसरीवर मिरच्या वाळत होत्या, त्यांच्या बाजूला बायका बसल्या होत्या, आणि मी चप्पल पायात मावत नाही म्हणून अनवाणी लंगडत आत आले. गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी. नवरदेवाकडची एक बाई माझ्या बहिणीला बाजूला घेऊन विचारत होती, तिला काही तसला रोग तर नाही ना. मी ऐकलं. बहीण आत येऊन मला म्हणाली, "पाहुण्यायच्या समोर हे काहून घेऊन आली? पोरीचं लग्न मोडाचं आहे का तुले?"

मी मागच्या खोलीत गेले आणि पट्टी सोडली.

तिथे आमची मावशी होती, ऐंशीच्या घरातली. तिने जखम पाहिली आणि डॉक्टरांना शिव्या दिल्या. कोंडून ठेवली, हवा नाही, म्हणून भरत नाही, असं तिचं म्हणणं. बैलाच्या खुरीला लावायला ठेवलेलं निळं मोरचूद तिने तव्यावर भाजलं, पांढरं झाल्यावर चुरून आणलं. मी नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं की मनात, ते आता आठवत नाही. "बैलाले होत नाही, तुले काय होते?" असं म्हणून तिने चिमूट भरली. शनिवारी पुन्हा लावली. आग अशी झाली की अक्षता टाकताना मला नवरी दिसली नाही. पण लग्न लागलं. कोणी काही बोललं नाही.

रविवारी नागपूरला परत आले. सोमवारी जखम मिठाच्या पाण्याने धुतली, निळं पाणी जायचं थांबेपर्यंत धुतली. सिस्टरनी दिलेली औषधाची जास्तीची जाळी जखमेवर ठेवली. आणि तीच सोडलेली पट्टी पुन्हा बांधली. पावलाच्या मधून, टाचेला आठ आकडा, अर्ध्यावर अर्धा, टोक बाहेरून आत दुमडून. पाच मंगळवार मी खाली मान घालून तेच बघत बसले होते, माणसांच्या तोंडाकडे बघायची लाज म्हणून. पहिल्याच वेळी बरोबर जमली. मला बरं वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते की मला बरं वाटलं.

मंगळवारी सिस्टरनी पट्टी सोडली. जखमेची कड काळी पडली होती आणि ती पुन्हा दोन नाण्यांएवढी झाली होती. सिस्टरनी वाकून कड दोनदा पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. "मंदाबाई, मध्ये पट्टी सोडली होती का? काही लावलं होतं का?"

आठ मुली. देशमुख सर. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा.

"नाही सिस्टर."

त्यांनी ट्रेमधली सोडलेली पट्टी हातात घेतली. तिच्या घड्या अजून तशाच पडलेल्या होत्या. त्या पुन्हा पायावर धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "पट्टी तर माझीच आहे." मग मुलींना म्हणाल्या, "लिहून घ्या. मी ताण जास्त दिला. कडेचं रक्त थांबलं. चूक सिस्टरची."

देशमुख सर म्हणाले, हा आठवडा गाळून टाकू, पुढचे फोटो चांगले येतील. सिस्टर तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, चुकीचा फोटो काढून टाकला तर धडा खोटा होईल. त्याच आठवड्यात धान्याच्या खोलीत बसून त्यांनी तो प्रश्न भरला आणि चार उत्तरं भरली. मी दाराबाहेर मिक्सर बंद ठेवून बसले होते. "पट्टी फार घट्ट बांधली" हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, आवाज नीट येईना म्हणून. दार ढकलायला एक हात पुरला असता.

जखम भरायला पुढे चार महिने लागले. भरली त्या दिवशी सिस्टरनी मुलींना पेढे दिले आणि मला पायातले मोजे, नसांसाठी असतात तसले. त्या दिवसानंतर त्यांचा हात बदलला. वर्गात म्हणू लागल्या, "सैल असलेली चालेल, घट्ट नको." वॉर्डात पट्टी बांधून झाली की बोट घालून बघायच्या, पुन्हा सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. सही म्हणणं बंद झालं. एकदा माझ्याजवळ चहा पिताना आपल्याच हाताकडे बघून म्हणाल्या, भरवसा नाही राहिला. मी साखर किती घालू विचारलं. त्या बिनसाखरेचा पितात, हे मला दहा वर्षांपासून माहीत होतं.

कॉम्प्युटर गावोगाव गेला. दोन वर्षांनी ट्रेनिंगला कुहीकडची एक नर्सबाई आली, बरोबर फोटो घेऊन. एका कोष्ट्याचा पाय, दीड वर्ष झालं, जखम भरत नाही. सिस्टरनी विचारलं, पट्टी कशी बांधते. तिने बांधून दाखवली, पायमोज्यासारखी. सिस्टर म्हणाल्या, अशी सैल? ती बाई साधेपणाने म्हणाली, "तुम्हीच तर शिकवलं सिस्टर, कॉम्प्युटरवर. घट्ट नको म्हणून." मी तिथे चहाचा ट्रे धरून उभी होते. ट्रे तिथेच खाली ठेवला. तो कोष्टी मी कधी पाहिला नाही. पण त्याचा पाय मला माझ्या पायापेक्षा जास्त आठवतो.

ती नर्सबाई गेली त्याच्या पुढच्या रविवारी सिस्टरना सगळं सांगायचं ठरवलं होतं. सिस्टरच्या निरोपाच्या दिवशीही ठरवलं होतं. प्रत्येक वेळी त्या काहीतरी चांगलं बोलायच्या आणि मला वाटायचं, आज नको.

निवृत्तीनंतर त्या जरीपटक्याला भाच्याकडे राहायला गेल्या. तीन वर्षं मी गेले नाही. मग कळलं की त्या पडल्या, पाय सुजला आणि नडगीला जखम झाली. भरीत डब्यात भरलं आणि गेले. सिस्टर खाटेवर बसल्या होत्या, पाय उशीवर. खूप बारीक झाल्या होत्या. फूटपट्टी उशाशी होती. डबा उघडून म्हणाल्या, साल राहिली आहे एका जागी. मग म्हणाल्या, रोज येणारी पोरगी आज आली नाही आणि मला वाकता येत नाही. तुला बांधता येते का?

मी नाही म्हणू शकले असते. पट्टीची गुंडाळी माझ्या हातात आली आणि हात आपोआप चालले. पावलाच्या मधून. टाचेला आठ आकडा. अर्ध्यावर अर्धा. टोक बाहेरून आत.

सिस्टरनी पाय थोडा वळवून पाहिला. चष्मा लावून पुन्हा पाहिला. बोटाने एक फेरा चाचपला.

"पट्टी तर माझीच आहे," त्या म्हणाल्या.

नंतर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खाली बाजारात कोणीतरी कांद्याचा भाव ओरडत होता. मी फरशीवर बसले होते ती उठले नाही.

"मोरचूद होतं सिस्टर," मी म्हटलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "भाजलेलं का कच्चं?"

"भाजलेलं."

"किती वेळा?"

"दोनदा. शुक्रवारी आणि शनिवारी."

"हं. म्हणून कड तशी होती. ताणाची काळी वेगळी असते. मी पाहिलं होतं, मंदा. मले तेव्हाच वेगळी दिसली होती. पण पट्टी माझी होती ना." मग हळूच म्हणाल्या, "काहून नाही सांगितलं वं?"

"आठ मुली होत्या."

त्यांनी डोळे मिटले. मी त्या कोष्ट्याचंही बोलले, लग्नाचंही, सगळं बोलले. त्या ऐकत होत्या की झोपल्या ते कळेना. शेवटी म्हणाल्या, "ही सोड. सैल आहे. घट्ट बांध."

मी थांबले.

"बांध. घट्ट बांधल्याने काही होत नाही. आता तर माहीत आहे दोघींले."

त्यानंतर मी दर मंगळवारी जाऊ लागले. त्यांनी देशमुख सरांना फोन करायचे प्रयत्न केले. ते परदेशात गेले होते. नव्या मॅडम म्हणाल्या, तयार वस्तू आहे, चालते आहे, आता कोण हात लावेल. मग सिस्टरच म्हणाल्या, तोंड तर आहे ना. नवी बॅच आली तेव्हा त्या ऑटोने आल्या, काठी टेकत. हॉलमध्ये पडद्याच्या बाजूला खुर्चीवर बसल्या. त्यांच्याच आवाजाने प्रश्न विचारला, मुलींनी दुसरं उत्तर दाबलं, टाळ्या वाजल्या. सिस्टरनी काठीने खूण करून तो बंद करायला लावला.

"यातलं एकही बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी घट्ट होती आणि बरोबर होती. पेशंटने घरी काहीतरी लावलं होतं."

मुली हसल्या. एक म्हणाली, म्हणजे चूक पेशंटची.

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही. चूक सिस्टरचीच. तिने पेशंटला आठ जणींसमोर विचारलं, कॅमेऱ्यासमोर. असं विचारल्यावर माणसाला नाहीच म्हणावं लागते. दार लावून, खाली बसून विचारायला पाहिजे होतं. तिला ते येत होतं. त्या दिवशी फोटोची घाई होती."

कोणीतरी विचारलं, पेशंट कोण होती. सिस्टर म्हणाल्या, पेशंटचं नाव सांगायचं नसते, हा पहिला धडा. मग मला म्हणाल्या, मंदाबाई, चहा द्या.

मी चहा दिला. सतरा कप. माझी चूक त्यांनी सात वर्षं न कळता आपल्या नावावर ठेवली होती आणि आता कळूनही ठेवली.

दिवाळीच्या आधी सिस्टर गेल्या. त्याआधी एका मंगळवारी त्यांनी विचारलं होतं, पुढच्या बॅचला मी नसले तर कोण सांगेल. मी म्हटलं, मी सांगीन. गेल्या वर्षी बॅच आली. आवाज आला, शिट्टी आली, प्रश्न आला. मी हात पुसून हॉलच्या दारापर्यंत गेले. टाळ्या वाजल्या. एक मुलगी मागे वळून म्हणाली, मावशी, चहा झाला का? मी म्हटलं, झाला. आणि परत आले. त्या बॅचच्या मुली आता कुठल्या कुठल्या गावी सैल पट्ट्या बांधत असतील.

नवी बॅच सोमवारी येते आहे. काय बोलायचं ते मी वहीच्या मागच्या पानावर चार ओळींत लिहून ठेवलं आहे. पहिल्या ओळीत माझं नाव आहे. सिस्टर ते सांगणार नव्हत्या, मी सांगू शकते. बोलेन की नाही, ते इथे लिहीत नाही. आधी एकदा सिस्टरजवळ कबूल करून मी पाळलं नाही.

सिस्टरला शेवटचं चालताना पाहिलं ते त्या मुलींना खरं सांगायला ऑटोने आल्या होत्या त्या दिवशी, हॉलमधून निघताना. मी ऑटोपर्यंत सोडायला गेले. मुली वरच्या गॅलरीत उभ्या होत्या. सिस्टर आत बसल्या आणि साडी वर करून पायाकडे बघितलं. पायऱ्या उतरताना पट्टी सुटली होती. ऑटोवाला घाई करत होता. मी म्हटलं, घरी पोचल्यावर बांधून घ्या. त्या म्हणाल्या, "घरी काहून? इथंच बांध."

मी रस्त्यात उकिडवी बसले. त्यांनी पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. वरून मुली बघत होत्या, एक खाली वाकून दुसरीला दाखवत होती. पहिला फेरा सैल गेला. सिस्टरनी वरून बोट घालून पाहिलं आणि तो सोडायला लावला.

"घट्ट वं," त्या म्हणाल्या. "अजून."

मी ओढली. टोक बाहेरून आत दुमडलं. त्यांनी पाय उचलून एकदा नीट पाहिला आणि ऑटोवाल्याला चल म्हणाल्या. ऑटो निघाला. पट्टी कशाला घासू नये म्हणून तो पाय त्यांनी बाहेर धरला होता, आणि वळणापर्यंत तो मला दिसत राहिला.